वाण, गुण आणि धाडस

कणकवलीच्या हायवेवर एखादा पोरगा भरधाव गाडी घालून पडला, की त्याला उपजिल्हा रुग्णालयात पोचवेपर्यंत चहाच्या टपरीवर कारण सापडलेलं असतं. "बापाशीर गेलो," एकजण म्हणतो. "रगतातच आसा तेच्या," दुसरा दुजोरा देतो. दारूत बुडालेल्या माणसाबद्दल आणि मटक्यात जमीन घालवणाऱ्याबद्दलही हेच ऐकू येतं. खिशात भांडवल नसताना मुंबईत धंदा उभा करणाऱ्याबद्दलही तेच बोललं जातं, पण तेव्हा सूर कौतुकाचा असतो. आवाज खाली येतो तो ज्या घरातल्या कुणाला 'रत्नागिरीक' न्यावं लागलं त्या घराविषयी बोलताना. तिथल्या प्रादेशिक मनोरुग्णालयाचं नाव उच्चारावं लागत नाही, गावाचं नाव पुरतं. त्या घरातल्या मुलामुलींची लग्नं जुळवताना हे गाव वर्षानुवर्षं आडवं येतं.

आपल्या भाषेत या विषयावर दोन म्हणी आहेत आणि दोन्ही एकमेकींच्या विरुद्ध उभ्या आहेत. एक म्हणते, खाण तशी माती. दुसरी म्हणते, ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला. पहिली सगळं जन्मावर टाकते, दुसरी संगतीवर. धोका पत्करण्याचा स्वभाव किती जन्मजात, किती घडलेला, आणि त्याचं मनाच्या आजारांशी काय नातं, या प्रश्नावर गेल्या तीस वर्षांत जनुकशास्त्रात प्रचंड काम झालं. मोठमोठे दावे झाले, कोसळले, आणि त्यांच्या जागी अधिक खोल, अधिक नम्र उत्तरं आली. त्या साऱ्या प्रवासाचा हा आढावा. 'रक्तातच आहे' हे वाक्य आपण ज्या अर्थानं वापरतो, त्या अर्थाला आजचं विज्ञान दुजोरा देत नाही आणि या वाक्यानं आपल्या घरांचं फार नुकसान केलं आहे, असं मला ठामपणे वाटतं.

जोखीम म्हणजे नेमकं काय

आधी शब्द तपासू. मालवणचा मच्छीमार वारा बघून समुद्रात होडी घालतो, ती जोखीम. गिरणीत नोकरी मिळेल या आशेवर गाव सोडून गेलेल्या चाकरमान्यानं घेतली तीही जोखीम. हेल्मेटशिवाय शंभरच्या वेगानं जाणारा, मोबाइलवर पैसे लावून खेळणारा आणि अंगात ताप असताना पाराच्या झाडाखाली दारू पीत बसणारा, हे तिघंही जोखीमच घेतात. पण मच्छीमाराच्या मागे पिढ्यांचं ज्ञान आहे, चाकरमान्याच्या मागे गरज आहे आणि मोटारसायकलवाल्याच्या मागे वय आहे. बाहेरून सारखं दिसणारं वागणं आतून एकच असेल, असं धरून चालता येत नाही.

मानसशास्त्रज्ञांनाही हीच अडचण येते. ते जोखीम तीन प्रकारे मोजतात. एक, माणसाला थेट विचारायचं. दोन, तो प्रत्यक्ष किती पितो, किती वेगानं गाडी चालवतो याची नोंद घ्यायची. तीन, प्रयोगशाळेत खेळ खेळायला लावायचा, उदाहरणार्थ पडद्यावरचा फुगा फुगवत जायचं, प्रत्येक फुंकरीला पैसे वाढतात आणि फुगा फुटला की सगळे जातात. २०१७ साली बाझल आणि बर्लिनच्या संशोधकांनी सुमारे दीड हजार माणसांवर अशा ३९ मोजमापांची तुलना केली. माणसांची स्वतःबद्दलची उत्तरं एकमेकांशी बऱ्यापैकी जुळली, त्यातून जोखमीचा एक सर्वसाधारण स्वभाव दिसला. प्रयोगशाळेतले खेळ मात्र त्या स्वभावाशी जुळले नाहीत आणि आपापसांतही फारसे जुळले नाहीत. म्हणजे 'धाडसी' हे विशेषण कोणत्या पट्टीनं लावलं, यावर पुढचं सारं गणित अवलंबून आहे. खाली जे मोठे आकडे येतील ते वाचताना ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी.

कलमं आणि रायवळ

आनुवंशिकता मोजण्याची जुनी रीत जुळ्यांची आहे. एकरूप जुळ्यांचे जनुक जवळजवळ सारखे असतात, भिन्नरूप जुळ्यांचे सरासरी निम्मे. एकरूप जुळी एखाद्या बाबतीत भिन्नरूप जुळ्यांपेक्षा जितकी अधिक सारखी, तितका जनुकांचा वाटा मोठा. स्वीडनमधल्या जुळ्यांवर २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पैशांच्या बाबतीत धोका पत्करण्यातल्या फरकांचा सुमारे २० टक्के वाटा जनुकांचा निघाला. दारूच्या व्यसनात हा वाटा सुमारे निम्मा येतो, एडीएचडी या अतिचंचलतेच्या विकारात ७० ते ८० टक्के, स्किझोफ्रेनियात ८० टक्क्यांच्या आसपास.

८० टक्के हा आकडा ऐकला की माणूस हबकतो, म्हणून त्याचा अर्थ आपल्या बागेत जाऊन समजून घेऊ. देवगडच्या कातळावरची हापूसची कलमं जनुकांच्या हिशेबात एकाच झाडाची रूपं असतात. एका बागेत फक्त ही कलमं लावली, तर झाडाझाडांत जो फरक दिसेल तो माती, पाणी, ऊन आणि खतानं केलेला असेल. त्या बागेत आनुवंशिकता शून्य. आता निरनिराळ्या रायवळ आंब्यांचे बाठे घेतले आणि सगळी रोपं अगदी एकसारख्या मातीत, एकसारख्या पाण्यावर वाढवली, तर जो फरक दिसेल तो सारा वाणाचा. तिथे आनुवंशिकता शंभर टक्के. आंबा तोच, बाग बदलली आणि आकडा शून्यावरून शंभरावर गेला. आनुवंशिकता हे एका विशिष्ट बागेतल्या फरकांचं वर्णन आहे. एका झाडाचं भविष्य त्यात नसतं, आणि आकडा मोठा आहे म्हणून खतपाणी निरुपयोगी ठरत नाही.

रायवळ आणखी एक गोष्ट शिकवतो. बाठ्यापासून आलेलं झाड आईच्या झाडासारखं निघेल याची खात्री कुणी बागायतदार देत नाही, म्हणून तर कलमं बांधावी लागतात. माणसाची सगळी मुलं रायवळ असतात. आई-बापांच्या जनुकांची वाटणी दर वेळी नव्यानं पिसली जाते. आई किंवा वडिलांपैकी एकाला स्किझोफ्रेनिया असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता साधारण दहात एक असते. सर्वसाधारण लोकसंख्येतल्या शंभरात एकाच्या मानानं ती नक्कीच जास्त आहे. पण त्याच वाक्याची दुसरी बाजू अशी की दहांतल्या नऊ मुलांना हा आजार होत नाही. एकरूप जुळ्यांतल्या एकाला स्किझोफ्रेनिया झाला, तरी निम्म्याहून अधिक वेळा दुसरा त्यातून सुटतो. सारे जनुक सारखे असूनही सुटतो. लग्नाच्या बैठकीत हे वाक्य कुणी उच्चारत नाही.

एका जनुकाचा शोध

१९९० च्या दशकात असा विश्वास होता की जुळ्यांत दिसणाऱ्या या प्रभावामागचे जनुक लवकरच एकेक करून हाती लागतील. १९९६ साली 'नेचर जेनेटिक्स' या नियतकालिकात दोन शोधनिबंध शेजारीशेजारी आले, एक इस्रायलमधला, एक अमेरिकेतला. डीआरडी४ हा जनुक मेंदूतल्या डोपामिन या संदेशवाहक रसायनाच्या एका ग्राहीची (रिसेप्टरची) रचना ठरवतो. त्याचं लांब रूप असलेली माणसं नावीन्याच्या मागे अधिक धावतात, असा दोघांचा दावा होता. वर्तमानपत्रांनी त्याला 'धाडसाचा जनुक' केलं. लांब पल्ल्याचं स्थलांतर केलेल्या जमातींत हे रूप अधिक आढळतं, असंही पुढे मांडलं गेलं. हिंसक वर्तनासाठी एमएओए नावाच्या जनुकाचं नाव पुढे आलं, आणि २००९ साली इटलीत ट्रिएस्तच्या अपील न्यायालयानं असा जनुक-पुरावा विचारात घेऊन खुनाच्या एका आरोपीची शिक्षा एका वर्षानं कमी केली.

पाया मात्र कच्चा होता. अभ्यास शंभर-तीनशे माणसांचे होते आणि एवढ्या थोड्या माणसांत योगायोगानंही काहीबाही जुळून येतं. इतरांनी तोच शोध पुन्हा घ्यायचा प्रयत्न केला तेव्हा कधी जुळलं, बहुतेकदा जुळलं नाही. सगळे अभ्यास एकत्र केल्यावर डीआरडी४ आणि नावीन्याची ओढ यांचा संबंध टिकला नाही. नैराश्याच्या गाजलेल्या अठरा जनुकांची २०१९ साली लाखो माणसांवर फेरतपासणी झाली. तेही वाटेल त्या अठरा जनुकांपेक्षा सरस ठरले नाहीत.

याचा अर्थ डोपामिनचा जोखमीशी संबंधच नाही, असा नाही. पार्किन्सनच्या काही रुग्णांना डोपामिनसारखं काम करणारी औषधं दिली की त्यांच्यात अचानक जुगाराची अनावर ओढ निर्माण होते आणि औषध कमी केलं की ती बहुधा ओसरते. आयुष्यभर पत्त्यांना हात न लावलेला माणूसही असा बदलू शकतो. पार्किन्सनचे रुग्ण असलेल्या प्रत्येक घरानं ही गोष्ट जाणून असावी. मेंदूतलं ते यंत्र खरंच आहे. माणसामाणसांत दिसणारा स्वभावाचा फरक त्या यंत्राच्या एकाच खिळ्यामुळे पडतो, हा समज चुकीचा ठरला.

दहा लाख माणसांची झडती

चित्र बदललं ते संख्येनं. ब्रिटनमध्ये २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयाच्या ५ लाख स्वयंसेवकांनी आपलं रक्त आणि आरोग्याची माहिती 'यूके बायोबँक'ला दिली. त्यांना विचारलेल्या अनेक प्रश्नांत एक असा होता की तुम्ही स्वतःला जोखीम घेणारी व्यक्ती म्हणाल का? उत्तर हो किंवा नाही. अमेरिकेतल्या '२३अँडमी' या कंपनीच्या ग्राहकांची माहिती त्याला जोडली गेली. रिचर्ड कार्लसन लिनेर, जोनाथन बोशां आणि त्यांच्या मोठ्या आंतरराष्ट्रीय गटानं १० लाखांहून अधिक माणसांच्या जिनोमची, म्हणजे संपूर्ण जनुकसंचाची, टोकापासून टोकापर्यंत झडती घेतली. कोणता जनुक सापडेल याचा आधी अंदाज न बांधता लाखो ठिकाणचे बारीक फरक तपासले. निष्कर्ष जानेवारी २०१९ मध्ये आले.

जोखीम घेण्याच्या वृत्तीशी निगडित असे १२४ फरक सापडले, जिनोमवरच्या ९९ ठिकाणी विखुरलेले. वेगानं गाडी चालवणं, दारू, धूम्रपान आणि लैंगिक जोडीदारांची संख्या यांचा हिशेब धरल्यावर ठिकाणांची संख्या शेकड्यांत गेली. तिसऱ्या गुणसूत्रावरचा सीएडीएम२ हा जनुक यांत पुन्हा पुन्हा समोर आला. मेंदूतल्या पेशी एकमेकींना धरून राहतात त्या जोडणीशी त्याचा संबंध आहे. डोपामिन, सेरोटोनिन, टेस्टोस्टेरॉन, कॉर्टिसॉल या जुन्या मानकऱ्यांच्या बाजूनं विशेष पुरावा मिळाला नाही. त्याऐवजी मेंदूतले संदेश पुढे ढकलणारं ग्लुटामेट आणि त्यांना आवर घालणारं गाबा, या जोडीकडे बोट गेलं. गाडीला जसा अॅक्सिलरेटर आणि ब्रेक, तशी ही जोडी आहे, आणि धोका पत्करण्याच्या प्रश्नात तीच पुढे यावी हे पटण्यासारखं आहे.

सर्वांत महत्त्वाचा आकडा मात्र लहान आहे. जिनोमभरच्या फरकांचा एकत्रित गुणांक काढून त्यावरून माणसाच्या जोखीम घेण्याच्या वृत्तीचा अंदाज बांधला, तर माणसामाणसांतल्या फरकापैकी जेमतेम १.६ टक्के उलगडतो. दहा लाख माणसांच्या परिश्रमातून निघालेला हा अर्क आहे. त्यावरून समोरच्या एका मुलाबद्दल काहीही सांगता येत नाही. संशोधकांनीही हेच स्पष्ट लिहिलं.

आजाराशी नातं

याच कामातून दुसरी गोष्ट उघड झाली, आणि इथे विषय आपल्या घरात शिरतो. जोखमीच्या वृत्तीशी निगडित जनुकीय फरक आणि मनाच्या आजारांशी निगडित फरक काही प्रमाणात एकच आहेत. एडीएचडी, बायपोलर (उन्माद-नैराश्याचा विकार) आणि स्किझोफ्रेनिया या तिघांशी जोखमीचं जनुकीय नातं निघालं. ते खरं आहे, पण माफक आहे. गांजाच्या वापराशी ते याहून घट्ट आहे. काळजी करण्याच्या स्वभावाशी ते उलटं आहे. आणि स्वतःचा व्यवसाय करण्याशीही ते चांगलंच आहे. म्हणजे जनुकांचा जो धागा काहींना आजाराच्या दिशेनं किंचित ओढतो, तोच काहींना दुकान टाकायचं धैर्य देतो. २०२१ साली याच विषयावर १५ लाख माणसांची माहिती घेऊन आणखी मोठा अभ्यास झाला. त्यात एडीएचडी, व्यसनं आणि जोखीम यांच्यासह सात गोष्टींच्या मुळाशी असलेला समान धागा शोधला गेला आणि जिनोमवर ५७९ ठिकाणं हाती आली. स्वतःला आवर घालण्याच्या क्षमतेतला फरक, असं त्या धाग्याचं वर्णन करता येईल.

हे नातं कशामुळे? तीन शक्यता आहेत आणि त्या नीट वेगळ्या करायला हव्यात. पहिली, मेंदूची घडण समान. सुमारे १२ हजार ब्रिटिश स्वयंसेवकांच्या मेंदूच्या छायाचित्रांत जोखमीच्या वागण्याचा संबंध भीती, बक्षिसाची ओढ आणि आवर यांच्याशी निगडित भागांतल्या करड्या द्रव्याच्या प्रमाणाशी दिसला, आणि जनुकांचा परिणाम अंशतः त्या वाटेनं होतो असं आढळलं. दुसरी शक्यता साखळीची. धाडसी मुलगा लवकर गांजाकडे वळतो आणि कोवळ्या वयातला गांजा मनोविकृतीचा धोका वाढवतो. इथे जनुक पहिल्या कडीला हात लावतो, पुढच्या कड्या आपण तोडू शकतो. तिसरी शक्यता व्याख्येची. बेभान खर्च आणि बेफिकीर वागणं ही उन्मादाची लक्षणं म्हणून निदानाच्या यादीतच आहेत. एकच गोष्ट दोन नावांनी मोजली तर नातं दिसणारच.

यात आणखी एक गाठ आहे. पाश्चात्त्य समाजात माणसं आपापल्या स्वभावाचा जोडीदार निवडतात, आणि त्यानं वेगवेगळ्या गुणांमधलं जनुकीय नातं आकड्यांत फुगून दिसू शकतं, हे २०२२ साली दाखवलं गेलं. आपल्याकडे लग्नं पिढ्यान्पिढ्या जात, गोत आणि गाव बघून ठरली. आपले आकडे काढले तर ते वेगळे निघू शकतील, आणि म्हणूनच ते काढायला हवेत.

या नात्याला एक उजळ बाजूही आहे. स्वीडनमधल्या लाखो नोंदींच्या अभ्यासात स्किझोफ्रेनिया आणि बायपोलरच्या रुग्णांची निरोगी भावंडं कला आणि लेखनासारख्या सर्जनशील व्यवसायांत अपेक्षेपेक्षा अधिक आढळली. ज्या घरात आजार आला त्या घरात फक्त आजारच येतो, असं नाही. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या 'देवराई' या २००४ च्या चित्रपटात अतुल कुलकर्णी यांनी कोकणातला स्किझोफ्रेनियाचा रुग्ण उभा केला, तेव्हा त्याची बुद्धी, त्याचं झाडांवरचं प्रेम आणि त्याच्या बहिणीची ओढाताण मराठी प्रेक्षकांनी एकत्र पाहिली. माणूस निदानापेक्षा मोठा असतो, हे त्या चित्रपटानं अनेक घरांना दिसू दिलं.

गुण लागतो तो कसा

संगतीच्या म्हणीलाही पुराव्याचा आधार आहे. फिनलंडमध्ये पेक्का टिएनारी यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या आयांच्या, पण लहानपणी दत्तक गेलेल्या मुलांचा अनेक वर्षं मागोवा घेतला. ज्या मुलांना मायेचं, मोकळ्या बोलण्याचं घर मिळालं त्यांच्यात या गटातले आजार फार कमी दिसले. कलहाच्या घरात वाढलेल्यांत त्यांचं प्रमाण बरंच जास्त होतं. जनुकानं दार किलकिलं केलं होतं, ते उघडलं की मिटलं हे घरानं ठरवलं.

न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिन शहरात १९७२-७३ साली जन्मलेल्या हजारावर मुलांचा अभ्यास आजही चालू आहे. लहानपणी स्वतःला आवर घालता येणाऱ्या मुलांची पुढची तब्येत, पैशांची स्थिती आणि कायद्याशी संबंध चांगले राहिले. बुद्धी आणि घरची परिस्थिती यांचा हिशेब धरूनही हा फरक राहिला. ज्यांचा आवर वाढत्या वयात सुधारला, त्यांचं पुढचं आयुष्यही सुधारलेलं दिसलं. आवर हा शिकता येणारा गुण आहे.

आणि उपचारांचं काय? स्वीडनमध्ये एडीएचडी असलेल्या हजारो लोकांच्या नोंदींवरून २०१४ साली असं दिसलं की पुरुष रुग्णांत औषध चालू असलेल्या काळात गंभीर वाहन अपघातांचं प्रमाण निम्म्याहून कमी होतं. हा आकडा मी हायवेकडेला राहणारा म्हणून पुन्हा पुन्हा वाचतो. ज्याला आम्ही 'बापाशीर गेलो' म्हणून सोडून देतो, त्याच्यातल्या काहींना निदान आणि गोळी मिळाली असती, तर ते आज घरी असते.

जोखमीला वाव किती, हेही परिस्थिती ठरवते. पूर्वी मटक्यासाठी चिठ्ठी लिहिणाऱ्यापर्यंत चालत जावं लागे. मग पणजीला मांडवीतल्या कॅसिनोंच्या बोटी आल्या. नंतर पैसे लावायचे खेळ थेट खिशातल्या मोबाइलवर आले. एका पिढीत जनुक बदलत नाहीत, वाव मात्र काही वर्षांत कितीतरी पट वाढला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घालणारा कायदा केला, तो याच वाढलेल्या वावाला उत्तर म्हणून.

या आकड्यांत आपण कुठे

वर सांगितलेले सगळे मोठे जनुकीय अभ्यास युरोपीय वंशाच्या माणसांवरचे आहेत. २०१९ पर्यंत जगभरच्या अशा अभ्यासांतली सुमारे ७९ टक्के माणसं त्याच वंशाची होती. एका समाजावरून काढलेला गुणांक दुसऱ्या समाजाला लावला की त्याची अचूकता घसरते. तिथे तो १.६ टक्के उलगडत असेल, तर कणकवलीत किती, याला उत्तर नाही.

भारताची रचनाही वेगळी आहे. जातीअंतर्गत विवाहांमुळे आपले अनेक समाज थोड्या पूर्वजांपासून वाढलेले आहेत. हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेचे के. थंगराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली दक्षिण आशियातले २६३ गट तपासले. त्यांपैकी ८१ गटांत थोड्या पूर्वजांपासून वाढण्याचा हा परिणाम फिनलंडच्या लोकांपेक्षाही तीव्र होता. त्यामुळे आपल्याकडे काही दुर्मिळ, पण ठळक जनुकीय कारणं सापडण्याची शक्यता आहे. चेन्नईच्या 'स्कार्फ' या संस्थेनं ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांबरोबर केलेल्या अभ्यासात २०१९ साली भारतीय रुग्णांत स्किझोफ्रेनियाचा संबंध नायसिन या जीवनसत्त्वाच्या चयापचयाशी निगडित जनुकाशी दिसला. 'जिनोम इंडिया' प्रकल्पानं ८३ समाजगटांतल्या ९,७७२ व्यक्तींचे जिनोम वाचले आणि जानेवारी २०२५ मध्ये ही माहिती संशोधकांसाठी खुली झाली. बेंगळुरूच्या निम्हान्सच्या पुढाकारानं 'सीवेदा' हा अभ्यास ६ ते २३ वयाच्या सुमारे ९ हजार मुलांचा मागोवा घेतो आहे. व्यसन आणि आवर सुटण्याचे विकार कसे सुरू होतात, हाच त्याचा विषय. त्याची केंद्रं बेंगळुरू, म्हैसूर, ऋषी व्हॅली, चंडीगड, कोलकाता आणि इंफाळ इथे आहेत. महाराष्ट्रात एकही नाही. सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्याचा, जिथून पिढ्यान्पिढ्या तरुण बाहेर पडले, असा अभ्यास व्हायला हवा.

तोवर थुंकीच्या नमुन्यावरून किंवा बोटांच्या ठशांवरून मुलाचा स्वभाव, धाडस आणि करिअर सांगणाऱ्या कुणालाही पालकांनी एक रुपयासुद्धा देऊ नये.

वंशाच्या नावानं

या विषयाला एक काळा इतिहास आहे आणि तो परदेशातच घडला असं नाही. १८७१ साली इंग्रज सरकारनं गुन्हेगार जमातींचा कायदा केला. सुताराचा मुलगा सुतार, तसा चोराचा मुलगा चोर, हा त्यामागचा विचार. पुढे तो कायदा मुंबई इलाख्यालाही लागू झाला आणि हजारो कुटुंबं तारेच्या कुंपणाआड, हजेरीच्या जाचात जगली. १९५२ साली कायदा गेला, शिक्का अजून पुसलेला नाही. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या'नं आणि लक्ष्मण माने यांच्या 'उपरा'नं भटक्या-विमुक्तांचं जगणं मराठी वाचकासमोर ठेवलं.

इरावती कर्वे १९२० च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनला मानववंश आणि आनुवंशिकतेच्या संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली शिकायला गेल्या. कवटीच्या ठेवणीवरून युरोपीय वंशाचं श्रेष्ठत्व दिसेल, अशी फिशर यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि पुरावा तसं सांगत नाही, असं प्रबंधात लिहिलं. १९३३ साली त्याच जर्मनीत सक्तीच्या नसबंदीचा कायदा आला. त्याच्या यादीत स्किझोफ्रेनिया, उन्माद-नैराश्य आणि दारूचं तीव्र व्यसन होतं. सुमारे ४ लाख माणसांची नसबंदी झाली, आणि पुढे मनोरुग्णांना ठार मारण्यापर्यंत मजल गेली. 'रक्तातच आहे' हे वाक्य सत्तेच्या हातात गेलं की काय होतं, ते जगानं पाहिलं. मोजमाप प्रामाणिक ठेवणाऱ्या एका मराठी बाईंचं नाव या इतिहासात आहे, याचा मला अभिमान वाटतो.

आपल्या हातात काय आहे

राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण २०१५-१६ मध्ये १२ राज्यांत झालं, त्यात महाराष्ट्र नव्हता. या सर्वेक्षणात आजारानुसार ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांपासून दूर आढळले. जनुक शोधायला अजून दशकं लागतील, ही दरी आजची आहे.

ती कशी भरते, याचं उत्तर शेजारच्या गोव्यात मिळालं आहे. 'संगाथ' संस्थेचे अभिजित नाडकर्णी, विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत घातक प्रमाणात दारू पिणाऱ्या ३७७ पुरुषांवर प्रयोग केला. डॉक्टर नसलेल्या, थोडं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक माणसांनी मोजक्या बैठकांत त्यांच्याशी बोलायचं, एवढंच. तीन महिन्यांनी धोक्याच्या पिण्यातून बाहेर आलेल्यांचं प्रमाण ३६ टक्के होतं, नेहमीच्या सेवेवर असलेल्यांत २६ टक्के. हा निष्कर्ष २०१७ साली 'लॅन्सेट'मध्ये आला. दहा टक्क्यांचा हा फरक १.६ टक्क्यांच्या शेजारी ठेवून पाहा. गावातल्या माणसानं गावातल्या माणसाशी नीट बोलण्यानं हे घडलं. सिंधुदुर्गातल्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात हे करणं शक्य आहे.

महाराष्ट्राला ही वाट नवी नाही. पुण्याचं मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र १९८६ पासून व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता रुग्ण मानत आलं. ठाण्याच्या आयपीएच या मानसिक आरोग्य संस्थेनं १९९० पासून मनाच्या आजाराबद्दल उघडपणे बोलायला शिकवलं. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं उपचार हा हक्क केला. १४४१६ या टेलिमानसच्या क्रमांकावर रात्री-अपरात्री मराठीत बोलता येतं. गावच्या देवाला गाऱ्हाणं घालणाऱ्याला मी अडवणार नाही. गाऱ्हाणं घालून झालं की तिथूनच हा नंबर लावावा, एवढंच सांगेन.

सगळ्या संशोधनातून घराघरात नेण्यासारखी एक गोष्ट आहे. स्वभाव जन्मापासून सोबत असतो, आजार बहुधा तारीख घेऊन येतो. लहानपणापासून झाडावर चढणारा, पुढे समुद्रात होडी घालणारा मुलगा धाडसी असेल. पण कालपर्यंत जपून वागणारा मुलगा चार रात्री न झोपता ताजातवाना असेल, उधारीवर गाडी उचलत असेल, वाऱ्याच्या वेगानं बोलत असेल, तर तो कुणावर गेलेला नाही. तो आजारी आहे आणि त्याला उपचार आहेत. लहानपणापासूनच एका जागी न बसणाऱ्या, सारखा अपघात करून घेणाऱ्या मुलालाही एकदा डॉक्टरांना दाखवावं, कारण एडीएचडी लहानपणीच सुरू होतो आणि त्यालाही औषध आहे.

म्हणून टपरीवरचा प्रश्न बदलायला हवा. 'कोणार गेलो?' या प्रश्नाला दहा लाख माणसांच्या जिनोममध्येही नीट उत्तर सापडलेलं नाही. त्याऐवजी त्या मुलाच्या शेजारी बसून विचारावं, "ह्या कधीपासना? रात्री झोप लागता मां?" या प्रश्नांची उत्तरं त्याच्याकडे आहेत, आणि पुढची वाट तिथूनच निघते.